कोरियातल्या शाळांमधलं फायर ड्रिल आणि सुरक्षितता: परदेशी शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

कोरियात शाळेचं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं, त्यामुळे फेब्रुवारी लागला की माझ्या फोनवर तेच तेच प्रश्न यायला लागतात. मी दक्षिण कोरियात एका सरकारी प्राथमिक शाळेत पाच वर्षं सहाय्यक इंग्रजी शिक्षिका होते. भारत-कोरिया व्यापार करार २०१० पासून लागू आहे, त्यातून आपल्याकडच्या शिक्षकांना ही वाट मिळते, हे अजून फार कुणाला माहीत नाही. इथलं निम्मं माझं स्वतःचं आहे आणि निम्मं आयर्लंड, कॅनडा, दक्षिण आफ्रिका, अमेरिका इथून आलेल्या सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत.

१. कोरियात शाळेत फायर ड्रिल होतं तरी का? माझी मैत्रीण म्हणते वर्षभरात एकदाही झालं नाही.

होतं. सरकारी शाळांना वर्षभराच्या प्लॅनमध्ये आपत्तीची ड्रिल्स घालावीच लागतात, आणि आगीचं त्यात असतंच. मैत्रिणीला दिसलं नाही याची दोनच कारणं असू शकतात. एक तर ती हागवॉनमध्ये, म्हणजे खाजगी क्लासमध्ये शिकवते (मग प्रश्न ९ वाचा), नाहीतर ड्रिल झालं पण तिला कुणी सांगितलंच नाही (मग प्रश्न ३).

२. ड्रिलमध्ये नक्की काय काय करतात?

आधी स्पीकरवरून घोषणा, मग अलार्म, मग वर्गशिक्षक मुलांना बाकांवरून उठवतात. मुलं एका हाताने नाक-तोंड झाकतात, वाकून, भिंतीला धरून एका ओळीत जिन्याने खाली मैदानावर. ओला रुमाल तोंडाला लावायचा हे तिथल्या पहिलीतल्या पोरालाही पाठ असतं. मैदानावर हजेरी, वर्गशिक्षक ग्योगाम म्हणजे उपमुख्याध्यापकांना आकडा सांगतात, आणि मग ग्योजांग, म्हणजे मुख्याध्यापक, माईक घेतात. भाषण कधीकधी ड्रिलपेक्षा लांब चालतं, ते सोडून द्या.

वर्षातून एखाद्या वेळी अग्निशमन दलाची गाडी येते तो दिवस मात्र मुलांचा सणच. धुराचा तंबू लावतात, आत तो नाटकात वापरतात तसला गोडसर वासाचा निरुपद्रवी धूर सोडतात, आणि पोरं रांगेत वाकून आतून जातात, बाहेर आली की परत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहतात. पाण्याने भरलेले सरावाचे एक्स्टिंग्विशर असतात, ते घेऊन आधी घसा फोडून "बुरिया!" ओरडायचं (म्हणजे "आग लागली!"), मग पिन काढायची, वारा पाठीवर घ्यायचा, नळी आगीच्या बुडाशी धरायची. मला हे सगळं वयाच्या एकतिसाव्या वर्षी चौथीतल्या एका मुलीने शिकवलं. माझ्या स्वतःच्या शाळेत लाल बादल्या टांगलेल्या असायच्या, त्यात वाळूपेक्षा शेंगांची टरफलंच जास्त.

नोव्हेंबरात यातलं बरंच काही होतं, कारण ९ नोव्हेंबर हा अग्निशमन दिन. आगीचा नंबर ११९, म्हणून अकरावा महिना आणि नऊ तारीख.

३. ड्रिल आहे हे मला कुणी सांगितलंच नाही. हे मुद्दाम करतात का?

मुद्दाम नाही हो. सूचना शाळेच्या कॉम्प्युटरवरच्या मेसेंजरवर येते, कोरियनमध्ये, दिवसाला येणाऱ्या वीस-पंचवीस सूचनांच्या गर्दीत, आणि प्रत्येकाला वाटतं की तुमच्या को-टीचरने (तुमच्याबरोबर वर्ग घेणारी कोरियन शिक्षिका) सांगितलं असेल, आणि को-टीचरला वाटतं की यात काय सांगायचं.

माझं पहिलं ड्रिल असं: इंग्रजीची खोली चौथ्या मजल्यावर टोकाला, माझा तास नव्हता, दार बंद करून फ्लॅशकार्ड कापत बसले होते. सायरन वाजला. तिथे तासाची घंटा म्हणजे पण एक धूनच असते, त्यामुळे पहिले काही सेकंद मला वाटलं हे पण तसलंच काहीतरी. दार उघडलं तर सगळा कॉरिडॉर रिकामा, एका वर्गात प्रोजेक्टर तसाच चालू. खिडकीतून बघते तर खाली अख्खी शाळा मैदानावर ओळीत उभी आणि दुसरीतली पोरं वर माझ्याकडे बोट दाखवून हात हलवतायत. शेवटी सफाई करणाऱ्या आजी जिना चढून आल्या, माझं मनगट धरलं आणि एक शब्द न बोलता मला खाली घेऊन गेल्या. मैदानावर हजेरी पूर्ण झाली होती, आकडा बरोबर आला होता, आणि मी त्या आकड्यात नव्हतेच!

मला अजूनही सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. ड्रिल होत नाही अशी ओरड परदेशी लोक करतात, पण खरी गोष्ट अशी की ड्रिल होतं आणि त्या कागदावर तुमचं नाव नसतं. पहिल्याच आठवड्यात को-टीचरला विचारा, मैदानावर मी कुठल्या वर्गाबरोबर उभं राहायचं आणि मला मोजणार कोण. मेसेज ट्रान्सलेटर ॲपमध्ये टाकायची सवय लावा, आणि 훈련 अशी अक्षरं दिसली (उच्चार हुल्ल्यॉन, म्हणजे ड्रिल) की तो मेसेज पूर्ण वाचा.

४. अलार्म वाजला तरी कोरियन शिक्षक जागचे हलत नाहीत. हा बेफिकीरपणा नाही का?

थोडा आहे, आणि त्यांनाही ते माहीत आहे, त्यासाठी त्यांच्याकडे रोजच्या वापरातला शब्दच आहे, 'आन्जॉन बुलगामजुंग', म्हणजे सुरक्षिततेबद्दलची बधिरता. मोठी दुर्घटना झाली की दुसऱ्या दिवशी पेपरात हा शब्द असतोच. दुसरा शब्द 'सॉल्मा', म्हणजे आपलं "छे, असं कसं होईल", आणि त्यावर म्हणच आहे की सॉल्मा माणसाचा जीव घेतो.

पण नुसती बेफिकिरी म्हणून सोडून देऊ नका. एक तर खोटे अलार्म फार वाजतात, पावसाळ्यात ओल धरून, कुणी पोराने बटण दाबून, कधी टेस्टिंग म्हणून. महिन्यातून दोनदा उगाच वाजणाऱ्या घंटेला कोण उठतं? दुसरं म्हणजे वरून घोषणा आल्याशिवाय आपण आपलं ठरवून वर्ग बाहेर काढायचा, हे तिथल्या शिक्षकाला जड जातं. ग्योमुसिलमध्ये (स्टाफरूम) सगळे एकमेकांकडे बघतात, मग ग्योगामकडे बघतात. कॅनडाची माझी मैत्रीण एकदा ड्रिल नसताना अलार्म वाजला तेव्हा सरळ मुलांना घेऊन बाहेर गेली, अलार्म खोटा निघाला, आणि ती दिवसभर ओशाळून होती. तिने बरोबर केलं असं मी तेव्हाही म्हटलं होतं.

५. सेवोलचं नाव सारखं निघतं. ती तर बोट होती, शाळेच्या ड्रिलशी काय संबंध?

सगळाच संबंध आहे. १६ एप्रिल २०१४ ला सेवोल ही फेरीबोट बुडाली. बोटीवर ४७६ लोक होते, त्यात आन्सान शहरातल्या दानवॉन हायस्कूलची सहलीला निघालेली ३२५ मुलं. ३०४ माणसं गेली, त्यातली २५० त्या एका शाळेची मुलं आणि ११ शिक्षक. बोट कलत असताना स्पीकरवरून सांगत होते, आहात तिथेच थांबा, हलू नका. मुलांनी ऐकलं. कॅप्टन मात्र आधीच निघून गेला.

त्या वर्षी शाळांच्या सहली थांबवल्या. १६ एप्रिल हा राष्ट्रीय सुरक्षा दिन झाला. शाळांसाठी सुरक्षा शिक्षणाचे सात विभाग ठरवले (रोजचं जगणं, रस्ता, हिंसा, व्यसन, आपत्ती, कामाची जागा, प्रथमोपचार) आणि वर्षाला त्याचे ५१ तास ठेवले. प्राथमिकच्या मुलांना पोहायला नेतात ते पण त्यातूनच, आणि त्यात शर्यतीचं पोहणं नसतं, पाण्यावर तरंगत मदतीची वाट कशी बघायची ते शिकवतात. स्टाफरूममध्ये एखाद्याच्या बॅगेला पिवळी रिबन दिसेल, ती सेवोलची. त्यावर विनोद नको, आणि "आमच्या देशात असं झालं नसतं" हे तर अजिबात नको.

त्याआधीचीही जखम आहे. ३० जून १९९९ ला ह्वासॉंगमधल्या एका शिबिराच्या इमारतीला आग लागून २३ जण गेले, त्यात १९ बालवाडीतली मुलं. इमारत म्हणजे शिपिंग कंटेनर एकावर एक रचून केलेली. माझ्या को-टीचरला ती बातमी ऐकली तेव्हा आपण कितवीत होतो ते आठवतं.

६. मग परदेशी शिक्षकांचं एकूण मत काय आहे?

कोण कुठून आलाय त्यावर आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत फायर ड्रिल दर महिन्याच्या आसपास होतं, वर बंदूकधाऱ्याचं लॉकडाऊन ड्रिल वेगळं, त्यामुळे तिथल्या शिक्षकांना कोरियातलं ड्रिल नाटक वाटतं: आधी जाहीर केलेलं, ठरलेल्या वेळी, हसतखेळत. पण तेच लोक तासाभराने म्हणतात की गेटवर बंदुकीची भीती नाही हे किती बरं. ब्रिटिश आणि आयरिश मंडळी दारांवर अडतात, मागचं दार कुलूपबंद, फायर डोअर पायाच्या स्टॉपरने उघडं अडवलेलं, कॉरिडॉरमध्ये खुर्च्यांची चळत. दक्षिण आफ्रिकेची माझी शेजारीण मात्र पहिल्या महिन्यात एकाच गोष्टीवर बोलायची, की सात वर्षांचं पोर एकटं चालत घरी जातं!

आणि आपण? आपण बहुतेक गप्प असतो. आपल्यापैकी किती जणांनी शाळेत असताना एकदा तरी खरं ड्रिल केलंय, सांगा बरं.

७. मुलं आत वेगळ्या चपला घालतात ना? मग आग लागली तर बूट बदलायचे का?

हसू नका, हा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न आहे. शाळेत शिरताना बूट काढून सिल्लेह्वा, म्हणजे आत घालायच्या पांढऱ्या मऊ चपला घालतात. उत्तर साधं, बदलायचे नाहीत, आहे तसं बाहेर पळायचं. पण सवय हाडात असते. मी स्वतः बघितलंय, दारापर्यंत धडाधड आलेली रांग कपाटापाशी जाऊन तुंबली, कारण पुढच्या दोघी वाकून बूट शोधत होत्या आणि मागची पस्तीस मुलं जिन्यावर. म्हणून चांगले शिक्षक ड्रिलच्या आधी वर्गात ठासून सांगतात, आज चपला मातीत घालायच्या आहेत, कुणी रागावणार नाही.

दुसरी तसलीच सवय मधल्या दाराची. बऱ्याच शाळांत मधलं मुख्य प्रवेशद्वार शिक्षक आणि पाहुण्यांसाठी, मुलांनी बाजूच्या दारांनी जायचं. हल्ली हे सुटत चाललंय, पण जिथे आहे तिथे मुलं गोंधळात पण मधलं दार टाळून लांबचा जिना धरतात. तुम्ही पुढे असाल तर मधल्या दाराने घ्या.

८. खिडकीपाशी भिंतीवर एक लोखंडी हात आणि खाली डबा आहे. ते काय?

ते वानगांगी. इमारतीच्या तिसऱ्या ते दहाव्या मजल्यापर्यंत हे सापडतं, दोरीने हळूहळू खाली उतरायचं यंत्र. पाच वर्षं लोक त्यावर कोट टांगतात आणि कुणाला वापरता येत नाही. पद्धत अशी: लोखंडी हात खिडकीबाहेर वळवायचा, डब्यातला हूक त्यात अडकवून स्क्रू घट्ट करायचा, दोरीचं रीळ बाहेर टाकायचं, पट्टा काखेखाली छातीला आवळायचा, मग भिंतीकडे तोंड करून बाहेर जायचं. तुमच्या वजनानेच ते सावकाश खाली सोडतं. हात वर करायचे नाहीत, वर केले की पट्ट्यातून माणूस निसटतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बुचॉनच्या एका हॉटेलच्या आगीत सात जण गेले, त्यातले दोघे खाली अंथरलेल्या हवेच्या गादीवर उडी मारून. त्यानंतर अख्ख्या देशात लोकांनी वानगांगीचे व्हिडिओ शोधून शोधून बघितले.

वर्गभर मुलांसाठी हे नाही. मुलांना जिनाच. हे तुम्ही एकटे वर अडकलात तर, आणि तुमच्या भाड्याच्या खोलीत. घरी गेल्यावर आजच बघा कुठे आहे ते.

९. मी हागवॉनमध्ये शिकवणार आहे. तिथे पण हेच सगळं लागू?

नाही, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. हागवॉन म्हणजे बहुमजली व्यापारी इमारतीतले चार-पाच खोल्यांचे क्लास, खाली फ्राइड चिकन, वर बिलियर्ड, मध्ये तुम्ही. मोठ्या हागवॉनना आगीचे जादा नियम लागतात, पण छोट्या बऱ्याच त्या कक्षेबाहेर राहतात. तिथे ड्रिलसाठी तास बुडवायला मालक तयार नसतो, पालकांनी मिनिटांचे पैसे भरलेले असतात.

माझा आयरिश मित्र होता त्या हागवॉनला दुसरा जिना होता, पण त्यावर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, जुनी पुस्तकं आणि ख्रिसमसचं झाड. खिडक्यांवर बाहेरून जाहिरातीचा फ्लेक्स. त्याने विचारलं तर उत्तर मिळालं, "पुढच्या आठवड्यात." डिसेंबर २०१७ मध्ये जेचॉनला एका स्पोर्ट्स सेंटरच्या इमारतीत २९ जण गेले, त्यातल्या २० जणी दुसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या सॉनामध्ये, आणि तिथल्या बिसांगगूपाशी (आपत्कालीन दार) सामानाची रॅक होती. सुरतच्या कोचिंग क्लासची २०१९ ची आग आठवतेय ना, २२ मुलं? क्लास वरच्या मजल्यावर आणि उतरायला वाट नाही, गोष्ट तीच.

करार सही करायच्या आधी जागा बघायला मिळत असेल तर बघा. नाही मिळाली तर पहिल्या दिवशी दोन्ही जिन्यांनी रस्त्यापर्यंत उतरून बघा, गच्चीचं दार उघडतं का बघा. आणि एक्स्टिंग्विशरवरची तारीख वाचा, पावडरवाल्याचं आयुष्य दहा वर्षं धरतात, काटा हिरव्यात हवा.

१०. आग, भूकंप, आणि तो उत्तर कोरियावाला सायरन, तिन्हींत करायचं काय ते कसं ओळखायचं?

आग: लगेच बाहेर. भूकंप: आधी बाकाखाली, हलणं थांबलं की डोक्यावर बॅग धरून मैदानात. हवाई हल्ल्याचा सायरन: बाहेर नाही, खाली, म्हणजे तळघर, पार्किंग, सबवे. मैदानात जाऊन उभं राहणं तिथे उलट चूक. हल्ल्याचा सायरन वरखाली होतो, नुसत्या सावधानतेचा सपाट असतो.

भूकंप कोरियात होत नाहीत असं लोक २०१६ पर्यंत खुशाल म्हणायचे. १२ सप्टेंबर २०१६ ला ग्यॉंगजूला ५.८ चा झाला, मोजायला लागल्यापासूनचा सगळ्यात मोठा. वेळ रात्रीची, आणि काही हायस्कूलमध्ये मुलं रात्रीच्या अभ्यासाला बसलेली होती, त्यांना बसूनच राहायला सांगितल्याच्या बातम्या आल्या तेव्हा लोक सेवोल आठवून भडकले. पुढच्या वर्षी १५ नोव्हेंबरला पोहांगला ५.४ चा झाला, दुसऱ्या दिवशी कॉलेज प्रवेशाची परीक्षा होती, ती आठवडाभर पुढे ढकलली. त्या परीक्षेसाठी विमानांची उड्डाणं थांबवतात, म्हणजे विचार करा.

फोनवर किंचाळणारे सरकारी मेसेज येतात, त्यासाठी 'इमर्जन्सी रेडी' नावाचं सरकारी ॲप घ्या, इंग्रजीत मिळतात. मे २०२३ मध्ये सोलवाल्यांना भल्या सकाळी "बाहेर पडायची तयारी करा" असा मेसेज आला आणि वीसेक मिनिटांनी "चुकून गेला" असा दुसरा. त्या वीस मिनिटांत माझ्या तिथल्या मैत्रिणीने पासपोर्ट, चार्जर आणि लोणच्याची बरणी एवढंच बॅगेत टाकलं होतं.

११. कॉरिडॉरच्या छतात शटर आहे. ते पडलं तर आपण आत अडकणार का?

नाही, पण त्याखालून पळू नका. धूर-आग अडवायला ते आपोआप खाली येतं, बऱ्याचदा दोन टप्प्यांत, आधी अर्धं, मग पूर्ण. शटरमध्येच किंवा शेजारी एक छोटं दार असतं, ढकललं की उघडतं, तेच वापरायचं. २०१९ मध्ये गिमहेच्या एका प्राथमिक शाळेत सकाळी मुलं येत असताना शटर खाली आलं आणि एक लहान मुलगा त्यात अडकून फार गंभीर जखमी झाला. तेव्हापासून मी मुलांना इंग्रजीच्या तासाला सुद्धा शटरच्या रेषेवर उभं राहू द्यायची नाही.

१२. ११९ ला फोन लावला तर इंग्रजी समजतं का?

दुभाष्याला लाईनवर घेतात, त्याला थोडा वेळ जातो. तोपर्यंत "बुल नास्सॉयो" (आग लागलीय) आणि शाळेचं नाव एवढं कोरियनमध्ये म्हणता आलं पाहिजे. पत्ता स्टिकरवर लिहून फोनच्या मागे चिकटवा. पोलीस ११२, ते वेगळं.

१३. को-टीचर वर्गात नसताना अलार्म झाला तर जबाबदारी कुणाची?

कागदावर सहाय्यक शिक्षकाला वर्गात एकटं ठेवायचंच नसतं. प्रत्यक्षात को-टीचर झेरॉक्सला जाते, फोनवर जाते, पालकांना भेटायला जाते. अशा वेळी वाट बघत बसू नका. मुलांना रस्ता तुमच्यापेक्षा चांगला माहीत असतो, तुम्ही फक्त "देपी!" म्हणा (बाहेर पडा) आणि शेवटून चाला, संडासात कोण आहे का बघत. वर्गात चालायला त्रास असलेलं मूल असेल तर कोणी धरायचं हे आधीच दोघींनी ठरवून ठेवा, लिफ्ट वापरायची नाही.

मुलं ऐकतात हो. जून २०१९ मध्ये सोलच्या एका प्राथमिक शाळेत खरी मोठी आग लागली, कचऱ्याच्या जागेपासून सुरू होऊन बाहेरच्या भिंतीवर चढली. शाळा सुटल्यानंतरच्या तासांना शंभरावर मुलं आत होती. सगळी सुखरूप बाहेर आली, मागे थांबलेल्या दोन शिक्षिकांना धुराचा त्रास झाला. ड्रिल म्हणजे नाटक म्हणणाऱ्यांना मी हे सांगते.

१४. काही चुकीचं दिसलं तर सांगावं का? ग्योगाम चिडले तर?

सांगा, पण मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर नको, तिथे माणसाचा चेहरा उतरवणं महागात पडतं. फोटो काढा, को-टीचरला एकटीला दाखवा, "मला समजत नाहीये, हे दार कुठे उघडतं?" असं विचारा. आमच्या मागच्या दाराच्या कडीला कुणीतरी सायकलचं कुलूप घातलेलं होतं, बाहेरची माणसं शिरू नयेत म्हणून. मी फोटो दाखवला, ती "आइगू" म्हणाली, म्हणजे आपलं "अगं बाई". चार दिवसांनी कुलूप गेलं. मी खूश. पुढच्या सोमवारी बघते तर त्याच दारासमोर, आतल्या बाजूला, ग्योजांगच्या वाढदिवसाला आलेली माणसाएवढी कुंडी ठेवलेली, रिबनसकट. परत फोटो काढला.